झाकणावरचा केक

घरून काम करायच्या दिवशीही मावशी ऑफिसचे बूट घालूनच लॅपटॉपसमोर बसायची. आधी वेणी, मग कानातले, शेवटी बूट.

"अगं, कॅमेऱ्यात पाय कुठे दिसतात?" मी चिडवायची.

"मला दिसतात ना."

विमा कंपनीत ती तक्रारींच्या फोनवर होती. चिडलेल्या माणसाला आधी मनसोक्त ओरडू द्यायचं, मग आपण तोंड उघडायचं, हे नव्या पोरींना तीच शिकवायची. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर असा नियम आला तेव्हा तिने मंगळवार-गुरुवार घरासाठी मागून घेतले. अर्धांगवायू झालेल्या आजोबांकडून व्यायाम करून घेणारी बाई त्याच दिवशी यायची. साहेबांनी हसत होकार दिला.

पुढे प्रशिक्षण विभाग निघाला. त्याची प्रमुख व्हावं, एवढी एकच हाव मावशीने आयुष्यात धरली. तिची योजना ऐकायची बैठक साहेबांनी ठेवली ती नेमकी गुरुवारी.

मी तेव्हा तिच्या दारातच उभी होते. ती दोन वाक्यं बोलली आणि पडदा काळा झाला. "आवाज येतोय ना माझा?" ती विचारत राहिली. फोन केले. कुणी उचलले नाहीत.

काय झालं ते दुसऱ्या दिवशी एका नव्या पोरीने खाली मान घालून सांगितलं. साहेबांच्या वाढदिवसाचा केक आला, टेबलावर जागा होईना, म्हणून ज्यावर मावशी दिसत होती त्याच लॅपटॉपचं झाकण कुणीतरी मिटून त्यावर खोका ठेवला. केक कापला, आणि पद तिथे समोर बसलेल्या एकाला देऊन टाकलं.

"काल तू नव्हतीस ना," साहेब म्हणाले.

"होते, साहेब. तुम्ही मला मिटून वर केक ठेवलात."

"किती मनाला लावून घेतेस बुवा!"

त्याच महिन्यात कंपनीने सगळ्यांना विचारलं, कामात तुमचं मन किती रमतं, पाचपैकी तारे द्या. घरून काम करणाऱ्यांनी कमी तारे दिले; त्यांची मनं उडाली कशी, म्हणून वरची मंडळी आता डोकं खाजवताहेत म्हणे. अहो, उडवलीत तुम्ही!

मावशीचे बूट कपाटात गेले. परवा साहेब पडद्यावरून सांगत होते, "नव्या मुलींना तू जरा—" सुटायची वेळ झाली होती. मावशीने झाकण मिटलं.

"अगं, तो बोलत होता ना?" आजोबा अडखळत म्हणाले.

"असेल, बाबा. चहा ठेवू का?"