नाव न घेता केलेली प्रार्थना

एका माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी पंधरा-वीस जणांसमोर देवाला सांगितली. चूक एवढीच, आणि ती पूर्णपणे माझी आहे.

परभणीत आमची ख्रिस्ती घरं थोडी. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. सतरंज्या अंथरायच्या, दोन गीतं, त्या दिवसाचं बायबलमधलं शास्त्रवाचन, मग ज्याच्या त्याच्या विनंत्या. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. शेवटी एकजण सगळ्यांसाठी मिळून प्रार्थना करतो. तो बहुतेक वेळा मी असतो. कचेरीत मी कारकून, तिथे दिवसभर माझं कुणी ऐकत नाही. इथे मात्र मी डोळे मिटून बोलायला लागलो की बायका डोळ्यांना पदर लावतात. हे मला आवडायचं.

मास्तर पेडगावहून स्कूटरवर यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. लहानपणी आम्हाला संडे स्कूलमध्ये शास्त्र शिकवलं ते त्यांनीच. गेल्या नाताळाच्या आधी त्यांची पत्नी वारली. उपवासकाळातल्या पहिल्या शुक्रवारी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. स्कूटर सुरू होत नव्हती. किक मारता मारता ते म्हणाले, "मला प्रार्थना होईना बघ आता. डोळे मिटले की अंधार दिसतो, दुसरं काहीच न्हाई. कुणी ऐकायलंय असं वाटतच न्हाई."

"मग मास्तर, तुमी येता कसे?"

"सगळ्यांच्या घरी ती भिंतीला टेकून बसायची, तिथं बसायला मिळतं. तेवढ्यासाठी येतो. कुणाला सांगू नको."

मी हो म्हणालो.

त्याच्या दोनच दिवस आधी, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाचन मीच केलं होतं. लोकांना दिसावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावून घ्या, असं येशू सांगतो तो भाग. वाचन छान झालं, असं दोघांनी सांगितलंही.

पुढच्या शुक्रवारी विनंत्या संपल्या आणि मी प्रार्थना सुरू केली. मास्तर समोर भिंतीला टेकून बसले होते. आठवडाभर त्यांचं बोलणं माझ्या मनात होतं. ते मला खरंच लागलं होतं. बोलता बोलता मी म्हणून गेलो की, हे पित्या, आमच्यातल्या त्या ज्येष्ठ बंधूची आठवण कर, ज्याने वर्षानुवर्षं लेकरांना तुझं वचन शिकवलं, आणि पत्नी गेल्यावर ज्याचा विश्वास विझत चालला आहे.

नाव घेतलं नाही. त्यामुळे आपण काही सांगितलंच नाही, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. पण लेकरांना शिकवलेला आणि बायको गेलेला माणूस त्या खोलीत एकच होता.

आमेन झाल्याबरोबर दोघी-तिघी मास्तरांभोवती जमल्या. "मास्तर, हिंमत सोडू नका. आमी उपास धरतो तुमच्यासाठी." मास्तर म्हणाले, "बरं." चहा न घेता ते निघाले. मी फाटकापर्यंत गेलो नाही.

घरी येताना बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "तुमी प्रार्थना केली का बातमी दिली?"

"त्यांच्या भल्यासाठीच केली ना."

"मग त्यांच्या घरी जाऊन करायची होती."

मी गाडी जोरात पळवली.

पुढच्या शुक्रवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी देवळातही त्यांची जागा रिकामी. मी सकाळ-संध्याकाळ देवाजवळ क्षमा मागत होतो. गुडघे टेकून, अगदी मनापासून. प्रत्येक वेळी उठताना थोडं हलकं वाटायचं, आणि पेडगावला जायचं राहून जायचं.

मंडळीने वाचनांचा छापील कागद दिला होता. त्यात एका सकाळी नोहाच्या पुराचा शेवट होता. वाचन संपलं तरी मी तसाच पुढे वाचत गेलो. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडतो. एक मुलगा ते पाहतो आणि बाहेर जाऊन भावांना सांगतो. ते दोघे खांद्यावर वस्त्र घेतात, पाठमोरे चालत आत जातात आणि बापाला झाकतात. त्याच्याकडे बघतही नाहीत. हा भाग मास्तरांनीच आम्हाला शिकवला होता. तेव्हा दारू वाईट एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. त्या सकाळी मात्र बाहेर जाऊन सांगणाऱ्या मुलापाशी मी अडकलो. तोही खोटं बोलला नव्हता.

ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मी पेडगावला गेलो. मास्तर ओट्यावर बसून कांदा चिरत होते.

"ये. चहा ठेवू?"

"चहा सोडलाय, मास्तर. उपवासकाळ हाय."

"चहा सोडलास. जीभ सोडली असती तर बरं झालं असतं."

मी खाली बसलो. सवयीने तोंडातून निघालं, "मास्तर, आपण दोघं जरा प्रार्थना करू या का?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "पुन्हा? अरे, तुझी प्रार्थना ऐकून बायका मला बघायला यायल्यात. एक तर बाटलीत तेल मंतरून घेऊन आली होती. मला तिथं तिच्या जागेवर बसायचं होतं रे, बाकी काय मागत होतो मी? आता बसलो की सगळे माझ्याकडं बघतात, विझला का पेटला म्हणून."

"मी रोज देवाजवळ माफी मागतो, मास्तर."

"त्याच्याजवळ मागून झाली ना? त्याचं तू काही सांगितलं नव्हतंस. माझं सांगितलंस."

मी म्हणालो, उद्या देवळात सगळ्यांसमोर चूक कबूल करतो. ते म्हणाले, "म्हणजे ज्यानं मागच्या बारीला ऐकलं न्हाई त्यालाही कळेल. काही गरज न्हाई. काय बोलायचं ते इथं बोल."

डोळे मिटावेसे वाटत होते. ते उघडे ठेवून, त्यांच्याकडे बघत मी म्हणालो, "मास्तर, तुमी सांगू नको म्हणालात, मी हो म्हणालो, आणि तरी सांगितलं. देवासाठी न्हाई सांगितलं. मी चांगली प्रार्थना करतो असं लोकांना वाटावं, म्हणून सांगितलं. तुमची बसायची जागा माझ्यामुळं गेली. मी चुकलो. मला माफ करा."