गिरडच्या टेकडीवरून दिसलेलं माहेर

माझ्या टायफॉईडसाठी आईनं गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला नवस बोलला होता. तो फेडायला दिवाळीनंतर आम्ही तिघं वडनेरहून एसटीनं निघालो. मी तेव्हा दहावीत होते.

टेकडीपलीकडच्या गावात आईचं माहेर. सहा वर्षांपूर्वी मामानं खांद्याला कच्चा, जू न पेलणारा बैल बाबांच्या गळ्यात मारला, म्हणून आमच्यातलं कोणी त्याचा उंबरठा ओलांडणार नाही, अशी बाबांनी शपथ घेतलेली. बाबांनी एकदा म्हटलं की संपलं.

"वरून दिसते म्हणे माहं गाव," आई एसटीतच म्हणाली. "शप्पत उंबरठ्याची हाये, डोयाची नाई."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

आमचा मुलूख पोळपाटासारखा सपाट. चढायची सवय कुणाला? पायऱ्यांवर धाप लागली. वाटेवर जायफळाएवढे गोल दगड पडले होते. फार पूर्वी एका व्यापाऱ्यानं फकिराची थट्टा केली आणि त्याच्या मालाचे दगड झाले, असं सांगतात. मी विज्ञानात वर्गात पहिली, तरी उचललेला दगड दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

चादर चढवून आम्ही टोकाशी गेलो. एवढं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. काळी रानं, फुटलेल्या कापसाचे पांढरे पट्टे, धुरकट होत गेलेला मुलूख. आमच्या खाली घार उडत होती. घारीची पाठ मी पहिल्यांदाच पाहिली. भीती वाटत होती आणि तिथून हलवतही नव्हतं.

आई मात्र कासावीस. वरून सगळी गावं सारखीच.

"मलेच माहं गाव ओयखू येऊन नाई राह्यलं," ती म्हणाली.

बाबांनी मागून येऊन तिच्या खांद्यावरून बोट दाखवलं. "तलावाच्या अल्याड चिंच पाहा. तिच्या बाजूले तुह्या माहेरच्या छपरावरच्या टिना चमकून राह्यल्या. औंदाच टाकल्या त्यानं."

"तुमाले कसं ठाऊक?"

बाजारात त्या गावचा माणूस भेटला की बाबा त्याला चहा का पाजत, ते मला तिथं कळलं.

उतरताना ते एसटीकडे वळलेच नाहीत. पुढे होऊन त्यांनी पलीकडची पायवाट धरली. मामाच्या अंगणात चिंचेखाली उभे राहून म्हणाले, "उंबरठा तेवढा नोको."

मामानं आतून बाज ओढून आणली. मामीनं तीन दगड मांडून बाहेरच चूल पेटवली. आम्ही अंगणात जेवलो. निघताना आईनं बाहेरूनच दाराच्या चौकटीवर हात फिरवला आणि मग ती खूप रडली.