धावणारीची दृष्ट

"आई, ती उत्तेजक औषध घेऊन धावायची," म्हणत माझ्या मुलीने तिच्या लाडक्या धावपटूचा फोटो भिंतीवरून काढला आणि स्वतःचे धावायचे बूट माळ्यावर फेकले. बातमी नुकतीच टीव्हीवर लागली होती. त्या बाईची शर्यत असली की मी टीव्हीवरून आमच्या ठाण्याच्या मिठागरातलं मीठ आणि मिरच्या ओवाळायचे. शेजारीण दारातूनच म्हणाली, "काय गं, आता कुणाची दृष्ट काढशील?"

"तिचीच," मी म्हटलं आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका कुणालाच आला नाही, म्हणजे नजरच लागली होती. मी फोटो परत लावला, बूट खाली काढले. "ऊठ, मैदानावर जा."

मुलगी बूट घालून मैदानावर गेली. त्याला आता बरीच वर्षं झाली. लोक अजून त्या बाईला नावं ठेवतात, ठेवू देत. शेजारीण मागेच वारली. त्या बाईच्या बाजूने मी आणि मुलगी अजून आहोत.