दुबाववयनीचा सिनेमा

आमची वयनी सिनेमा बघून आली की तिला गोष्ट सोडून काहीही विचारावं. नायिका बागेत गात होती तेव्हा मागे झारीनं पाणी घालणाऱ्या माळ्याच्या डोक्यावर आधी टोपी होती आणि नंतर नव्हती, हे ती सांगणार. नायकाच्या पार्टीत सरबताचा ट्रे फिरवणारा माणूस पुढे कोर्टात पट्टेवाला होऊन उभा होता, हेही सांगणार. पण "शेवटी त्या दोघांचं लग्न झालं का गो?" असं विचारलं की कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "कोणाक ठावक!" आणि विहिरीवर पाय धुवायला निघून जायची.

वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. वाड्यावर मात्र तिला सगळे 'दुबाववयनी' म्हणत. दुबाव म्हणजे आमच्याकडचा संशय, आणि तो वयनीच्या अंगात मुरलेला होता. पोदेर सकाळी सायकलवरून पाव घेऊन आला की प्रत्येक उंडा दाबून बघितल्याशिवाय ती टोपलीतून बाहेर काढायची नाही. देवळात भटजींनी तीर्थ दिलं तरी आधी पळीत वाकून बघायची. शेजारणीनं "आज बरी दिसतंस" म्हटलं, तर घरी येऊन मला विचारायची, "तिका आमच्याकडसून काय होया असतला?" मोठ्या आश्चर्याची गोष्ट अशी की पुष्कळदा शेजारीण तासाभरानं खरोखरच काहीतरी मागायला यायची.

तिचा सगळ्यात मोठा दुबाव सिनेमातल्या प्रेमावर. तेव्हा डिचोलीच्या बाजारात सलूनच्या आरशाभोवती आणि चहाच्या दुकानात नटनट्यांच्या तसबिरी लावलेल्या असत. अमका नट आणि तमकी नटी पडद्यावर एकमेकांकडे बघतात ते खोटं नाही, त्यांचं आतून आहे, असं सगळा बाजार छातीठोकपणे सांगायचा. वयनी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मोग करणाऱ्यांका कित्याक बघूचा? त्येंच्या फाटसून कोण उभो असा, ता बघूक होया." प्रेम करणाऱ्यांच्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघायचं म्हणे! आम्ही हसायचो. मला वाटायचं, काय पोचलेली बाई आहे! प्रेमात पडलेल्यांना आजूबाजूचं दिसत नाही, असंच तिला सुचवायचं असणार.

खरं सांगायचं तर मीही काही कमी संशयी नव्हते. पेडण्यातल्या तुयेहून लग्न होऊन या घरात आले आणि थोड्याच दिवसांत ध्यानात आलं की वयनी दर आठवड्याला, पिक्चर बदलला की, एकटीच डिचोलीला जाते. नवरा घरात नाही, अंगावर धुतलेलं पातळ, केसात सुरंगीचा वळेसर. कुठल्याही नव्या सुनेच्या डोक्यात जे येईल तेच माझ्याही आलं. एकदा मी मागेच लागले, "मीही येते." ती जराही गडबडली नाही. खाणीच्या ट्रकांनी उडवलेल्या तांबड्या धुळीतून आम्ही चालत गेलो, पत्र्याच्या थिएटरात बाकावर बसलो, आणि तीन तास ही बाई पडद्याकडे अशी बघत होती की जणू जत्रेत चुकलेलं पोर शोधतेय. नायक-नायिका अगदी जवळ आले, थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं, तेव्हा वयनी मान वाकडी करून त्यांच्या खांद्यांमधल्या फटीतून पलीकडे बघत होती.

परतताना मी विचारलं, "काय शोधतेस गो एवढं?" ती सरळ म्हणाली, "माझ्या घोवाक."

वयनीचा नवरा, म्हणजे माझे थोरले भावजी, मी कधी बघितलेच नव्हते. देखणा गडी होता म्हणे. गावच्या नाटकात कामं करायचा आणि दुसऱ्याचं काम बघताना ढसाढसा रडायचा. गोवा मुक्त झाला, पत्रादेवीची सरहद्दीवरची नाकी उठली, तसा हा मुंबईला निघाला. सिनेमात नायक व्हायचं होतं त्याला. जाताना वयनीचे हात धरून रडला आणि म्हणाला, "चवथीक येतंय." त्यानंतर बांद्याचा एक ओळखीचा माणूस मुंबईहून आला. त्यानं सांगितलं की भावजींना एका स्टुडिओच्या दाराशी फेटा बांधून वऱ्हाड्यांच्या घोळक्यात उभं राहिलेलं बघितलं. त्यापुढे ना माणूस, ना निरोप. आमचे हे आणि गावचे दोघे मुंबईला जाऊन शोधूनही आले होते. "रडणाऱ्या बापयाचो माका तेवापासून दुबाव," वयनी म्हणाली. "पण वऱ्हाडात उभो रवलो म्हणतत, म्हणजे खयच्या तरी पिच्चरात दिसतलोच मगे." नायकाच्या जागी ती त्याला कधी शोधत नव्हती, एवढा तिचा त्याच्याविषयीचा अंदाज पक्का होता.

अशी वर्षं गेली. मग माझं पहिलं मूल पोटातच गेलं, त्याच पावसाळ्यात दुभती म्हैस मेली, आणि आमच्या घरात कुजबुज सुरू झाली. तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावानं, त्या कुजबुजीला वाचा फोडली. मामंजी गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द तात्यांचा. ते म्हणाले, "माणूस जाऊन बारा वर्षं झाली. शास्त्राप्रमाणे त्याला मेलेला धरायचा, पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं. आत्मा अडकून राहिलाय म्हणून हे सगळं होतंय." भटजींनी मान डोलावली, दिवस ठरला. आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हो म्हटलं नाही आणि नाही म्हणायची आमच्या घरात बायकांना सवय नव्हती.

तो विधी झाला की वयनीचं कुंकू जाणार होतं. मंगळसूत्र, काकणं, वळेसर, सगळंच. माणसाचा पत्ता नाही आणि त्याची बायको मात्र पक्की विधवा, हे मला काही केल्या पटेना. आमच्या ह्यांना मी दोन शब्द सुनावलेही, पण खाणीवर मशीनसमोर उभा राहणारा हा माणूस तात्यांसमोर मात्र उभा राहत नसे. पिक्चर बदलला तशी वयनी नेहमीप्रमाणे डिचोलीला गेली. "शेवटचा जावंदे तिका," आई म्हणाली.

संध्याकाळी वयनी परतली ती पाय न धुताच थेट ओसरीवर आली. तात्या पान लावत बसले होते. ती म्हणाली, "मिया त्येका बघलंय. वरातीत खांद्यार बत्ती घेवन चलता. जितो असा."

तात्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. मग ते ओरडले, "हे बरं सापडलं गो, नेमकं आत्ताच!" मला तात्यांचा मनस्वी राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, तोच संशय माझ्याही मनात आला होता. वयनी शांतपणे म्हणाली, "गुरवारपर्यंत पिच्चर असा. जावन बघा."

आणि आम्ही गेलो. आमच्या घराण्यात सिनेमाला थू म्हणणारे तात्या, आयुष्यात थिएटरची पायरी न चढलेली आई, वयनी आणि मी. हे खाणीवर पाळीला होते. एका बाकावर ओळीनं बसलो. प्रेमाचाच सिनेमा होता. गरीब नायक, श्रीमंत घरातली नायिका, बाप तिचं लग्न दुसरीकडे ठरवतो. नायिका कोण होती विचाराल तर नाव सांगत नाही, पण त्या काळी तिनं पापणी उचलली की अख्खा गोवा उसासे टाकायचा. नायक तिच्या वरातीच्या वाटेवर उभा राहून गातो, ती डोलीचा पडदा बाजूला करून त्याच्याकडे बघते, आणि मागून बत्त्या घेतलेली माणसं चालत जातात. वयनी आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आता. तिसरो."

तो तिसरा माणूस मी बघितलाच नाही. कारण मी ह्या तिघांची तोंडं बघत होते. माझा संशयी स्वभाव मला त्या दिवशी कामी आला. आईचे डोळे पडद्याला चिकटले होते. वयनी पडद्याकडे बघतच नव्हती, ती आईकडे बघत होती. आणि तात्या? तात्यांचं तोंड उघडं होतं, डोळे पाण्यानं भरले होते, आणि नजर सरळ त्या नायिकेवर. डोलीमागे हत्ती गेला असता तरी त्यांना दिसला नसता.

बाहेर आल्यावर तात्या घसा साफ करत आईला म्हणाले, "हं. काय वैनी?" आई थिएटरच्या पायरीवर बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझ्याच पोटचो झील. आवय चुकात काय?"

आता तात्यांची पंचाईत झाली. आपण काय बघत होतो हे ते कसे सांगणार? थोडा वेळ त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "तसा चेहरा होता खरा. बत्तीच्या उजेडात नीट दिसला नाही, पण चाल तीच." झालं. जिवंत माणसाचं दहन करायला भटजी तयार होईनात. आमचे हे बघायला जायच्या आत गुरुवार उलटला आणि पिक्चर बदलला. पुतळ्याची गोष्ट त्यानंतर घरात कुणी काढली नाही, आणि तात्या मात्र अधूनमधून "बाजारात काम आहे" म्हणून एकटेच डिचोलीला जायला लागले.

मला एक गोष्ट तेव्हापासून खुपत राहिली. घोव सापडला होता, तरी वयनीचं दर आठवड्याला सिनेमाला जाणं आणि मागच्या माणसांत बघणं थांबलं नाही. सापडलेला माणूस कुणी शोधतं का? एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "एका पिच्चरात दिसलो, मगे दुसऱ्यात दिसाचो नाय?" उत्तर चोख होतं, पण माझं समाधान झालं नाही.

माझी मुलं मोठी झाली. आईनं अंथरूण धरलं. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते, वयनी बाहेर तांदूळ पाखडत होती. आई हळूच म्हणाली, "तो माझो झील न्हय गो. माझो डावरो होतो. त्या माणसान बत्ती उजव्या खांद्यार घेतलेली, उजव्या हातान धरलेली." ती पुढे म्हणाली, "तिका खरोच वाटलो तो. तिचो जीव कित्याक मोडू? तिच्या कपाळार कुंकू असा थंयसर माझो झील असा." मग माझा हात दाबून म्हणाली, "तिका सांगा नको." काही दिवसांनी आई गेली. मी सांगितलं नाही.

पुढे घरात टीव्ही आला. माझ्या मुलाच्या मित्राकडे आखातातून आणलेला व्हिडिओ होता, तो एका रविवारी मुलानं घरी आणला आणि काकीसाठी म्हणून हट्टानं तोच जुना सिनेमा शोधून आणला. वयनी एव्हाना थकली होती. डिचोलीला जाणं बंद झालं होतं. वरात आली तशी मी बटण दाबलं आणि चित्र थांबवलं. बत्तीवाला पडद्यावर थरथरत उभा राहिला. उजवा खांदा, उजवा हात. मी त्याच्याकडे बघितलं नाही, वयनीकडे बघितलं.

ती म्हणाली, "तो न्हय."

"आज कळलं तुला?"

"मिया त्याच दिसा जाणा होतंय. माझो घोव डावरो. जेवताना त्याच्या डाव्या हाताक माझो हात लागायचो, ता मिया विसरान?" तिनं पडद्यावरच्या बत्तीवाल्याकडे बोट केलं. "पण कोणतरी होयोच होतो मगे. माका कुंकवाची ओढ होती, नाय म्हणणंय नाय. पण आवयेन आपल्या झिलाक पानांचो करून जाळूचो आणि मिया ता बघूचा? म्हातारेक खरोच वाटलो तो. तिची वर्सां बरी गेली."

आता मला राहवेना. आईला दिलेला शब्द मी तिथं मोडला आणि सगळं सांगून टाकलं. त्या दुपारचं, उजव्या खांद्याचं, "तिका सांगा नको" हेसुद्धा.

वयनीनं माझ्याकडे तिच्या त्या सुप्रसिद्ध नजरेनं बघितलं. "फट, सगळा खोटा," ती म्हणाली. "माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस."

"देवाशपथ."

"तुझ्या शपथेचो माका दुबाव."

पण ती त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "म्हातारे, माका फसयलंस गो तू." आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होते. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? एका छपराखाली, एकाच चुलीपुढे ह्या दोन बायका वर्षानुवर्षं एकमेकींना फसवत राहिल्या. थिएटरात शिट्ट्या पडाव्यात असं त्यात काहीच नव्हतं.

वयनीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कुंकू लावूनच गेली. कुणी शंका काढायला तात्याही राहिले नव्हते. तिची आठवण आली की मला ती त्या रविवारचीच दिसते. डोळे पुसून झाल्यावर ती माझ्या मुलाला म्हणाली, "पयल्यापासून लाव रे बाबा." मग पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसली, चष्मा पदराला पुसला. बाग आली, माळी आला, त्याच्याकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. नायिकेनं पापणी उचलली तशी वयनी जराशी पुढे सरकली.

"गो," तिनं मला विचारलं, "ह्या दोघांचा लगीन जाता काय नाय?"

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, "बघ की."