रेघेशिवाय खाडी

माझ्या यजमानांची सगळी नोकरी रेघा मारण्यात गेली. एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. मी शाळेत चित्रकला शिकवायची. दोघंही निवृत्त झालो आणि जेसल पार्कातल्या आमच्या घरात, गॅलरीला लागून असलेल्या खोलीत मी माझा बोर्ड मांडला. तिथून खाडी दिसते, कडेची तिवरांची झुडपं दिसतात, पलीकडे धुरकट डोंगर. मी आधी पेन्सिलीनं सगळं रेखून घ्यायची, मग पातळ जलरंग भरायची. ते मागे उभे राहून म्हणायचे, "होडी पाण्यात बसली नाही गं. क्षितिज जरा वर घे." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

मग त्यांना दारांच्या चौकटी वाकड्या दिसायला लागल्या. आधी त्यांना वाटलं, बिल्डिंगच खचतेय. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगायला निघाले होते, मीच थांबवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. इंजेक्शनांनी वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. रिक्षातून घरी येताना ते एकेक डोळा झाकून समोरचा दांडा सरळ दिसतो का ते बघत होते.

वर्षभरात त्यांना माझा चेहरा दिसेनासा झाला. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाच्याही पलीकडे बघायचे. तसं बघितलं की मी त्यांना थोडीतरी दिसायची. याची सवय व्हायला मला वेळ लागला.

एका संध्याकाळी मी नुकतंच पूर्ण केलेलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. मान इकडेतिकडे करून ते म्हणाले, "कोरा कागद आहे का?"

"नाही हो. खाडी आहे. रंग फिके आहेत."

"मग मला दिसेल असं काढ की," ते म्हणाले. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या साध्या आवाजात.

मी मोठा कॅनव्हास आणला, ॲक्रिलिक रंग आणले. दिसायला हवं म्हणून भडक निळा, भडक हिरवा, नारिंगी असं सगळं लावलं. ते खुर्चीत तिरके बसून डोळ्याच्या कडेनं बघत राहिले. "रंग दिसले," ते म्हणाले, "पण सगळे एकाच भिंतीवर आहेत. लांब काय आणि जवळ काय?"

उबदार रंग पुढे येतात, थंड रंग मागे जातात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. पण माझ्या स्वतःच्या चित्रात ते काम नेहमी रेघच करायची. रेघ गेली आणि रंगांना एकट्यानं उभं राहता येईना. कितीतरी कॅनव्हास मी पांढरा रंग फासून पुन्हा वापरले. हळूहळू कळलं, की सगळेच रंग ओरडले तर कुणीच पुढे येत नाही, कुणीच मागे जात नाही. मी बहुतेक रंग राखाडी मिसळून गप्प केले. डोंगरांच्या जागी नुसता विरलेला निळा ठेवला आणि त्याच्या कडा फडक्यानं पुसून टाकल्या, म्हणजे नजर तिथं अडणार नाही. खाली गाळाचा जाड, तांबूस तपकिरी. मध्ये पाण्याचे पट्टे, किंचित कलते, जवळ रुंद आणि लांब जाताना अरुंद, एक उबदार तर शेजारचा गार. होडी नाही, झाड नाही. ओल्या गाळावर ऊन पडतं तिथं फक्त नारिंगीचा एक फटकारा.

ते चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि कडेनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात उचलून हवेतून सावकाश डावीकडे नेला.

"ओहोटी आहे," ते म्हणाले. "पाणी समुद्राकडे चाललंय."

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

ते चित्र आम्ही बाहेरच्या खोलीत लावलं. समोरच्या गुजराती वहिनी आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "भाभी, ये क्या है? कुछ समझ में नहीं आता."

खुर्चीतून माझे यजमानच बोलले, "खाड़ी है. नीचे कीचड़ है, पास में. जो ठंडा रंग है, वो सब दूर का है. पानी जा रहा है."

वहिनींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. "हां, जा तो रहा है," त्या हळूच म्हणाल्या. खरंच दिसलं म्हणून म्हणाल्या की त्यांचं मन राखायला, ते मी कधी विचारलं नाही.

पुढे यजमानांना निळा आणि राखाडी सारखाच दिसू लागला. मी पिवळ्यावर आले, पिवळा आणि काळा. मग तोही फरक पुसट झाला. शेवटी त्यांच्यासाठी काढलेल्या चित्रात एक अंधारा विस्तार आणि त्यातून जाणारा उजळ तिरका पट्टा, एवढंच होतं. ते बघून म्हणाले, "आता पुरे. आता तू तुझ्यासाठी काढ."

"काय काढू?"

"ते मला विचारू नकोस."

हल्ली मी रंगवत असताना ते खुर्ची जवळ ओढून बसतात. चित्राकडे तोंड करत नाहीत, मी कोणता रंग लावतेय तेही विचारत नाहीत. मध्येच त्यांना डुलकी लागते. मी ब्रश धुवायला लागले की पाण्याच्या आवाजानं जागे होतात आणि चहा टाकू का, म्हणून विचारतात. चहा ते अजून स्वतःच करतात, कपाच्या काठाला बोट लावून ओततात.