कॅप्टन शेवटी चढतो

आपल्याच पोरीच्या होणाऱ्या सासऱ्याले रस्त्यावर टाकून पळालेला बाप पाह्यला काय कधी? नाई? मंग चहा घेता घेता नीट पाहून घ्या, तुमच्या समोरच बसला हाये.

पाहुणे पुण्याचे. मुलाचे वडील नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन. अन् आमी रिसोडचे! आमचा पाण्याशी संबंध नळ येईल तेवढाच. म्हणून मी हुशारी केली. मुलाले फोन लावला, "जावईबापू, साहेबाची काही खास रीतभात?" आजून पोरगी पाह्यली नव्हती, पण मी जावई करून मोकळा!

तो म्हणाला, "विशेष काही नाही काका. नौदलात बोटीत साहेब सगळ्यात शेवटी चढतो आणि सगळ्यात आधी उतरतो. बाबांना अजून तीच सवय आहे."

बस्स! मी तं नौदलात भरतीच झालो.

पाहुणे मेडशीले एस.टी.नं उतरणार होते. त्यायले आणाले सलीमभाईची जीप केली अन् घरचे सात जण घेतले. दोघातिघांनं स्वागत होते काय कुठी?

हार घातला. साहेब जीपकडं निघाले, तं मी आडवा! "थांबा सर! तुमी शेवटी. बोटीची रीत!"

साहेब खूश. "बघ, किती अभ्यास केलाय यांनी," बायकोले म्हणाले.

मी एकेकाले आत कोंबलं. मी साहेबापेक्षा लहान, म्हणून मीही आधी चढून समोर बसलो. मागचं दार धाडकन लागलं. मले वाटलं, साहेब मागं चढले. मागच्यायले वाटलं, साहेब समोर बसले. सलीमभाईनं गाडी हाणली. साहेब मागून ओरडले म्हणे, पण आमची जीप सुरू झाली की कोणाले काय ऐकू येते?

मालेगावले चहाले थांबलो. मी धावत जाऊन मागचं दार उघडलं, सलाम ठोकून उभा! "कोणी उतरू नका! आधी साहेब!"

कोणीच उतरेना. आत माझी आत्या घामाघूम. "अरे, मले तं उतरू दे!"

"आत्या, शिस्त!"

तेवढ्यात विहीणबाईंनी विचारलं, "अहो, पण हे आहेत कुठे?"

सलामाचा हात मी तसाच कपाळावर मारला. गेलं पोरीचं लगन बोंबलत!

जीप उलटी फिरवली. मेडशीच्या अलीकडं समोरून ट्रॅक्टर आलं. ट्रॉलीत सोयाबीनचे पोते, अन् पोत्यावर हार घातलेले कॅप्टन साहेब!

खाली उतरून म्हणाले, "जहाज सोडून पळालेले कॅप्टन ऐकले होते. कॅप्टनला सोडून पळालेलं जहाज आज पाहिलं."

मी पायच धरले. "सर, गाढवपणा माझा हाये. पोरीवर राग काढू नका."

"छे, राग कसला? आज तुम्ही मोठे. तुम्ही शेवटी चढा." असं म्हणून साहेब सगळ्यात आधी जीपमधी जाऊन बसले! बाकीचे चढले. माझी बारी आली, तं जागाच नाई.

"मामू, ट्रॅक्टर रिसोडलेच चाललं हाये!" सलीमभाई म्हणला, अन् निघून गेला.

मी पोत्यावर बसून घरी पोचलो, तवा पेढे वाटून झाले होते. पोरगी पसंत, मुलगा पसंत, तारीखही पक्की!

बायकोले म्हणलं, "अवं, बापाची वाट तरी पाहाची!"

"तुमी नव्हते," ती म्हणाली, "म्हणूनच तं जमलं!"