लालबागच्या शाखेतली जाळी

सुताराने प्लायवूडचा तक्ता उचकटला तेव्हा आधी वास आला. जुन्या सिमेंटचा, कबुतरांच्या पिसांचा, कित्येक वर्षं कोंडून राहिलेल्या धुळीचा. मग पश्चिमेचं ऊन आत आलं आणि रिकाम्या होत चाललेल्या आमच्या शाखेच्या फरशीवर प्रकाशाच्या वर्तुळांची लांबट नक्षी पसरत गेली.

लालबागची ही इमारत पाडायची ठरली होती. बँक समोरच्या टॉवरच्या तळमजल्यावर जाणार होती. गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळात, कमानी नकोत, कोरीवकाम नको, सिमेंट, सावली आणि वारा एवढंच पुरे, अशा नव्या विचाराने कुणी ती उभारली होती. पश्चिमेची अख्खी भिंत म्हणजे गोल छिद्रांची काँक्रीटची जाळी. वातानुकूलन आलं तेव्हा ती झाकण्याच्या पत्रावर सही माझीच होती. त्या दिवशी टेबलावर कागदांची एवढी चळत होती, की आपण काय झाकतो आहोत हे मान वर करून पाहण्याचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात घाडीकाका आले. मालवणकडचे, ऐंशी ओलांडलेले, दर महिन्याला न चुकता शाखेत येणारे. जाळी एकदा बघायला मिळेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. विशीत ते याच बांधकामावर होते, हे मला तेव्हा कळलं. लाकडी साच्यांत त्यांनी ते ठोकळे ओतले होते, ओल्या गोणपाटाखाली जपले होते, एकेक करून रचले होते. मी वरिष्ठांकडे परवानगी मागत बसले असते तर तोवर इमारत पडली असती. म्हणून कुणालाही न विचारता मी सुताराला बोलावलं.

काका भिंतीपाशी गेले. किंचित तिरक्या बसलेल्या एका ठोकळ्यावर त्यांनी तळवा टेकला. "हा माझा पहिला," म्हणाले. वरळीकडचा खारट वारा छिद्रांतून आत येत होता.

"इतकी वर्षं येत होतात, मग कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"सांगणार होतो मॅडम, किती वेळा. पण तुम्ही नेहमी दमलेल्या दिसायच्या. म्हटलं, कशाला अजून एक काम."

हमाल शेवटचं बाकडं उचलायला आले होते. त्यांना जरा थांबायला सांगितलं आणि काकांना घेऊन मी त्या बाकड्यावर बसले.